आपोआप

विज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासतांना एक शब्द आम्हांस दरवर्षीं इतक्या वेळां भेटतो कीं, त्याच्याविषयीं चार ओळी लिहिल्यावांचून आतां राहवत नाहीं. तो शब्द म्हणजे ‘आपोआप’. शिंपला कसा तयार होतो? कालवाच्या अंगांतून चुना निघतो व त्याचा शिंपला आपोआप बनतो. हाडें कशीं वाढतात? दुधांतील कॅल्शियममुळें तीं आपोआप वाढतात. उत्तर अगदींच चुकीचें आहे असें म्हणतां येत नाहीं. परीक्षक बिचारा अर्धा गुण देऊन पुढें जातो. परंतु विद्यार्थिमित्रांनो, ज्या ठिकाणीं तुम्ही ‘आपोआप’ असें लिहून लेखणी खालीं ठेवितां, नेमक्या त्याच ठिकाणीं गेलीं तीसएक वर्षें जगांतील कित्येक रसायनशास्त्रज्ञ व जीवशास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून बसले आहेत. त्यांस तेथें जें दिसलें, तें तुमच्या कानांवर घालावें व त्या एका शब्दाशीं थोडें भांडावें, असा आमचा दुहेरी हेतु आहे.

प्रथम पुस्तकांत काय असतें तें पाहूं. साखरेच्या दाट पाकांत दोरा सोडून भांडें कांहीं दिवस स्वस्थ ठेविलें, म्हणजे दोऱ्यावर खडीसाखर जमते. पाकांतील साखरेचे रेणु एकामागून एक येतात आणि कवायतीच्या मैदानावरील मुलांप्रमाणें आपापल्या रांगेंत उभे राहतात. रांगेवर रांग चढते आणि सपाट, चकचकीत पैलूंचा स्फटिक तयार होतो. मिठाचे, तुरटीचे, मोरचुदाचे खडे असेच वाढतात. हें वर्णन खडीसाखरेपुरतें खरें आहे, आणि तें पुस्तकांतून काढावें असें आमचें म्हणणें नाहीं. अडचण अशी कीं, शिंपला, प्रवाळ, अंड्याचें कवच, दांत, हाड हे जे सजीवांनीं घडविलेले दगड, तेही याच रीतीनें एकेक अणु लागून वाढत असावेत, असें फार काळ गृहीत धरलें गेलें होतें. तें बऱ्याच अंशीं तसें नाहीं असें आतां ठरलें आहे.

याचें सर्वांत नामी उदाहरण म्हणजे सी-अर्चिन. अंग आंखडून बसलेलें साळिंदराचें पिल्लूं वाटावें असा हा समुद्रांतील गोल, काटेरी प्राणी. त्याचा प्रत्येक कांटा कॅल्साइटचा, म्हणजे ज्या खनिजाची चुनखडी बनते त्याच खनिजाचा असतो. क्ष-किरणांनीं परीक्षा केली तर अख्खा कांटा एकच स्फटिक असल्याप्रमाणें वागतो. पण खाणींतील कॅल्साइटवर हातोडी मारली तर तें ठराविक तिरप्या, सपाट पृष्ठांनीं दुभंगतें. हा कांटा मोडला तर तो कांचेसारखा वांकड्यातिकड्या पृष्ठानें मोडतो. त्याचें अंतरंग स्पंजासारखें सच्छिद्र, सगळीं वळणें गोल. पैलू म्हणून कोठें दिसत नाहीं. पैलू नसलेला असा स्फटिक निसर्गांत घडला तरी कसा, हें कोडें शास्त्रज्ञांस पुष्कळ वर्षें छळीत होतें.

या कोड्याची गांठ सुटूं लागली ती १९९७ सालीं. इस्रायलमधील वाइझमन संस्थेंत लिया अदादी व स्टीफन वायनर या प्राध्यापकद्वयाच्या प्रयोगशाळेनें या प्राण्याच्या इवल्याशा अळीकडे लक्ष दिलें. या अळीच्या अंगांत कांहीं पेशी एकमेकींस मिळून एक बंदिस्त पोकळी करतात व त्या पोकळींत तीन फांट्यांची एक सूक्ष्म कांटी घडवितात. या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, ही कांटी आरंभीं मुळीं स्फटिक नसतेच. प्रथम तेथें येतें तें अस्फटिकी कॅल्शियम कार्बोनेट: घटक तेच, पण अणूंची रांग अद्याप न लागलेली. मग कांहीं वेळानें तेंच द्रव्य जागच्या जागीं कॅल्साइट होतें. २००४ सालीं त्याच प्रयोगशाळेंतून असेंही सिद्ध झालें कीं, मोठ्या सी-अर्चिनचा मोडलेला कांटा जेव्हां पुन्हां उगवतो, तेव्हांही टोंकाशीं प्रथम हेंच अस्फटिकी द्रव्य जमतें.

हें द्रव्य सलग ओतलेलें नसतें, तर तें बारीक कणांच्या रूपानें येतें, ही यांतील खरी मौज. हे कण सामान्यतः शंभर नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असतात. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. तेव्हां असे दहा हजार कण एका रांगेंत ठेविले तर कोठें एक मिलिमीटर भरेल. पेशी हे कण आपल्या अंगांतील पिशव्यांत बाळगतात, हव्या त्या जागीं नेऊन सोडतात, आणि कण तेथें एकमेकांस चिकटून बसतात.

खडीसाखर आणि बुंदीचा लाडू यांत जो भेद, तोच येथें आहे असें आम्ही वर्गांत सांगतों. खडीसाखर रेणूरेणूनें वाढते आणि तिचा आकार तिच्या रेणूंच्या रांगा ठरवितात. त्यांत आपली मर्जी चालत नाहीं. लाडू मात्र आधींच तळून ठेविलेल्या बुंदीचा, आणि त्याचा आकार वळणाऱ्याच्या हातांत. गोल वळा, चपटा वळा, सांच्यांत दाबा. सी-अर्चिनच्या कांट्याची गोलाई अशी साधते. अर्थात् उपमा फार ताणूं नये: लाडवांतील बुंदी शेवटपर्यंत वेगळी ओळखूं येते, येथें मात्र एका कणांत स्फटिकाची शिस्त लागली कीं ती शेजारच्या कणांत पसरत जाते आणि अखेर सर्व कण मिळून जणूं एकच स्फटिक होतो. त्या कणांच्या सांध्यांत अडकलेलीं थोडीं प्रथिनें व उरलेलें थोडें अस्फटिकी द्रव्य यांमुळेंच तो कांचेसारखा मोडतो.

ज्यांस सी-अर्चिन पाहावयास मिळणार नाहीं त्यांनीं कोंबडीकडे पाहावें. अंड्याचें कवच पांचसहा ग्रॅम वजनाचें असतें व तें बहुतेक सारें कॅल्शियम कार्बोनेटच असतें. एवढा दगड कोंबडी सुमारें अठरा ते वीस तासांत बांधून मोकळी होते. घरांतील मंडळी निजलेली असतांना खुराड्यांत हें काम चालतें! या कवचाच्या आरंभींही हेच अस्फटिकी कण आढळले आहेत.

आतां आमच्या भांडणाकडे वळूं. हे कण एकमेकांस जुळून व्यवस्थित रचना होते, या क्रियेस शास्त्रांत स्वयंरचना म्हणतात. विद्यार्थी म्हणेल, “गुरुजी, स्वयंरचना म्हणजे आपोआपच नव्हे का?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देणें हाच या लेखाचा गाभा आहे.

आपण ‘आपोआप’ म्हणतों तेव्हां मनांत दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक, तेथें उभा राहून हुकूम सोडणारा मुकादम नाहीं. दुसरी, तेथें विचारण्यासारखें कारण नाहीं. पहिली गोष्ट खरी आहे; दुसरी सर्वस्वी खोटी. आणि दुर्दैव असें कीं, विद्यार्थी पहिल्या अर्थानें शब्द ऐकतो व दुसऱ्या अर्थानें लिहितो.

कारणें कोणतीं असतात हें डोळ्यांनीं पाहण्याचा योगही आतां आला आहे. दोन लहान स्फटिककण एकमेकांच्या रांगा जुळवून एकजीव होतात, ही गोष्ट १९९८ सालीं अमेरिकेंत ली पेन व जिलियन बॅनफील्ड यांनीं टायटॅनियमच्या ऑक्साइडमध्यें दाखविली होती. पण ते जुळतात कसे? २०१२ सालीं बर्कली येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत लोहाच्या एका ऑक्साइडचे असे कण द्रवांत तरंगत असतांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यांत आले. दोन कण जवळ येतात, एकमेकांभोंवतीं फिरतात, अंग वळवितात, दूर होतात, पुन्हां जवळ येतात; आणि जेव्हां दोघांच्या अणूंच्या रांगा तंतोतंत जुळण्यासारख्या स्थितींत येतात, तेव्हां उरलेलें नॅनोमीटरहूनही कमी अंतर एका झेपेंत तोडून ते चिकटतात. येथें मुकादम कोणी नाहीं. पण कणांच्या पृष्ठांवरील विद्युद्भार आहेत, त्यांचें परस्पर आकर्षण आहे, मधल्या पाण्याचा अडथळा आहे, आणि उघडें पृष्ठ कमी झालें म्हणजे ऊर्जा कमी होते हा नियम आहे. यांतील एक जरी बदललें तरी जुळणी बिघडते. हें सारें ‘आपोआप’ या चार अक्षरांत गुंडाळणें म्हणजे पोळ्या कशा झाल्या असें विचारतां ‘चुलीवर’ असें सांगण्यासारखें आहे.

सजीवांच्या देहांत तर हीं कारणें आणखी वाढतात. १९७५ सालीं अमेरिकेंत रिचर्ड ब्लेकमोर यांस चिखलांत असे जंतु आढळले कीं, ते सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबांत सतत एकाच बाजूकडे पोहत जात. लोहचुंबक जवळ आणतांच त्यांची दिशा बदले. या जंतूंच्या पोटांत मॅग्नेटाइटच्या, म्हणजे नैसर्गिक लोहचुंबकाच्या, नॅनोमीटरांत मोजाव्या अशा कणांची एक माळ असते. ती होकायंत्राच्या सुईचें काम करते. पुष्कळांस वाटेल कीं, चुंबककणांची माळ व्हावयास काय लागतें? ते एकमेकांस ओढून आपोआपच रांगेंत येणार. २००६ सालीं या माळेस आधार देणारें एक प्रथिन ज्यांत नाहीं असे जंतु तयार करून पाहिले, तों माळ न होतां कणांचा नुसता गोळा झाला. चुंबकाच्या आकर्षणानें गोळा होतो. माळ व्हावयास प्रथिनाची दोरी लागते. आमच्या दृष्टीनें ‘आपोआप’ या शब्दास एवढा एक प्रयोग पुरे आहे.

तसेंच मोत्याच्या शिंपल्याचें. त्याच्या आंतील चकाकत्या थरांत खनिजाच्या चपट्या विटा, प्रत्येकी सुमारें अर्धा मायक्रोमीटर जाड, एकीवर एक रचलेल्या असून मध्यें प्रथिनांचा व कायटिनचा अगदीं पातळ गिलावा असतो. शेंकडा पंचाण्णव भाग खनिज व पांच भाग हा गिलावा. पण त्या पांच भागांमुळें शिंपला नुसत्या खनिजाहून कितीतरी पटींनीं चिवट होतो. विटांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळें त्यावर इंद्रधनुष्याचे रंग खेळतात. गोव्यांतील जुन्या घरांच्या खिडक्यांस कांचेऐवजीं बसविलेले शिंपल्यांचे पातळ चौकोन ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस जिवंत प्राण्याच्या या दगडकामाची नजाकत निराळी सांगावयास नको.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नवीन गोष्ट कळली कीं जुनें सारें मोडीत काढण्याची हौस हीही एक प्रकारची आळशी वृत्तिच होय. सजीवांचा प्रत्येक स्फटिक केवळ कणांचाच बनतो असें कोणीं समजूं नये. कण चिकटतात, तसे मधल्या द्रवांतून सुटे आयनही येऊन लागतात. कोठें एकाचा भाग अधिक, कोठें दुसऱ्याचा. २०१५ सालीं या विषयांतील पुष्कळ संशोधकांनीं एकत्र येऊन ‘सायन्स’ या नियतकालिकांत जो मोठा आढावा घेतला, त्यांत कणांच्या वाटेस मान दिला, पण खडीसाखरेची वाट बंद केली नाहीं.

शिंपला आणि जंतु यांचें आम्हांस काय, असें म्हणणाऱ्या पालकांसाठीं आतां माणसाच्या देहाकडे येऊं. आपल्या रक्तांत कॅल्शियम व फॉस्फेट यांचें प्रमाण असें असतें कीं, केवळ रसायनशास्त्राच्या हिशोबानें पाहिलें तर हाडांतील खनिज रक्तांतच जमावयास हवें. तें जमत नाहीं, कारण यकृतांत तयार होणारें फेट्युइन नांवाचें प्रथिन अशा प्रत्येक होऊं घातलेल्या कणास वेढून त्याची वाढ थोपवितें. म्हणजे दगड करणें ही जितकी विद्या, तितकीच दगड न होऊं देणें हीही. ही दुसरी विद्या मूत्रपिंडांत उणी पडली म्हणजे मूतखडा होतो. तोही ‘आपोआप’ होत नाहीं; पाणी कमी पिण्यापासून अनेक कारणें त्यामागें असतात.

पण सर्वांत जवळची गोष्ट दांताची. दांतावरील पांढरें लुकण, ज्यास एनॅमल म्हणतात, तें आपल्या देहांतील सर्वांत कठीण द्रव्य. वजनाच्या शेंकडा शहाण्णव भाग खनिजच. तेंही आरंभीं अस्फटिकी कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपानें येतें. तेथें अमेलोजेनिन नांवाचें प्रथिन बांधकामाच्या परातीसारखें उभें असतें. त्याच्या आधारानें लांबट, अतिबारीक स्फटिक ओळीनें जुळतात, आणि काम पुरें होत आलें कीं ही परांत उतरवावी तसें हें प्रथिन तोडून काढलें जातें. दांत हिरडीबाहेर आला कीं एनॅमल करणाऱ्या पेशी नाहींशा होतात. हाड मोडलें तर सांधतें, कारण तेथें पेशी जिवंत असतात. एनॅमल गेलें तें गेलें. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दांतांचें हें काम जन्मापासून सुमारें आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आड चाललेलें असतें, म्हणजे आपण ज्या काळांत मूल दुधाच्या दांतांनीं हसत आहे असें पाहतों, त्याच काळांत.

याच काळांत पिण्याच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असलें, तर तें प्रथिन वेळेवर निघून जात नाहीं, रचना पोकळ राहते, आणि दांत बाहेर येतात तेच मुळीं खडूसारखे पांढुरके ठिपके किंवा तपकिरी पट्टे घेऊन. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या विहिरींत व कूपनलिकांत असें पाणी आहे. आमच्या वसतिगृहांत त्या बाजूचीं मुलें येतात. त्यांतील कांहीं मुलें व विशेषतः मुली हसतांना तोंडावर हात धरतात. वर्गांतील इतर मुलें त्यांस ‘दांत घांसत नाहीं’ म्हणून चिडवितात, आणि घरचीं वडील माणसें विचारलें असतां म्हणतात, “आमच्याकडे दांत असेच येतात, आपोआप.” पाहा, तोच शब्द! उत्तरपत्रिकेंत तो अर्धा गुण खातो. येथें तो एका निरपराध मुलीची मान खालीं घालावयास लावतो, आणि तिच्या पाठच्या भावाला तेंच पाणी पाजतो. मिसरी लावून किंवा राखुंडीनें घांसून हे डाग जात नाहींत, कारण ते वर बसलेले नसून आंतल्या रचनेंतले आहेत. उलट घांसण्यानें आधींच नाजूक असलेलें एनॅमल झिजतें. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाहीं. पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें मात्र. भारतीय मानकाप्रमाणें एका लिटरांत एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतें, आणि दुसरें पाणी मिळण्यासारखें नसेल तर फार तर दीड. तें किती आहे हें पाण्याच्या रंगावरून वा चवीवरून कळत नाहीं. तें तपासावेंच लागतें.

कांहीं पालक आम्हांस सांगतात कीं, हा भाग शालान्त परीक्षेच्या अभ्यासक्रमांत नाहीं, तेव्हां त्यावर तास कशाला घालवावे? त्यांच्या काळजीबद्दल आम्हांस आदर आहे. गुणांवांचून पुढचीं दारें उघडत नाहींत हें आम्हीही जाणतों. तथापि जीवशास्त्राची वही निराळी, रसायनाची निराळी, आणि दांत कोणत्याच वहींत नाहीं, अशा शिक्षणानें गुण मिळाले तरी विहिरीचें पाणी कोण तपासणार? कारण विचारण्याची संवय ही परीक्षेच्या आदल्या रात्रीं लावतां येत नाहीं. ती आठवींत, नववींत, शिंपल्यासारख्या निरुपद्रवी वस्तूवरच लावावी लागते.

म्हणून येत्या सत्रांत आठवी व नववीच्या वर्गांसाठीं दोन गोष्टी योजिल्या आहेत. पहिली, प्रत्येक गटानें एक अंडें दोन दिवस व्हिनेगरमध्यें ठेवावयाचें, कवच विरघळतांना काय काय दिसलें तें लिहावयाचें, आणि मागें राहिलेल्या मऊ पडद्याचें त्या कवचाच्या बांधणींत काय काम असावें यावर पानभर तर्क करावयाचा. ‘आपोआप’ हा शब्द आल्यास पान परत मिळेल. दुसरी पालकांसाठीं. ज्यांच्या घरीं विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी पितात, त्यांनीं सुटी संपवून येतांना त्या पाण्यानेंच दोनतीनदां विसळलेली प्लास्टिकची स्वच्छ बाटली कांठोकांठ भरून मुलांबरोबर पाठवावी. सर्व बाटल्या एकत्र करून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे धाडण्याचा आमचा विचार आहे. बाटलीवर गांवाचें नांव, पाणी विहिरीचें कीं कूपनलिकेचें, आणि माहीत असल्यास तिची खोली, एवढें पेन्सिलीनें लिहून चिकटवावें. शाईचीं अक्षरें ओलीनें पुसतात.